सवलतीची मिनिटं

ग्लेनिस पास्कोला कुणी ‘शाब्बास’ म्हटलं की तिच्या कपाळावरची शीर उठते. मी हे चाळीस वर्षं बघतोय. यारंबूल या आमच्या गावात शाळेची बस ती चालवते, आणि तिच्या बसमध्ये दंगा करणारं पोर वयानं कितीही मोठं असो, पुढच्या फाट्यावर उतरून चालत घरी जातं. आईबाप तक्रार घेऊन आले तर त्यांनाही ती बसच्या दारातूनच परत पाठवते. अशी बाई. पण कुणी तिला शिव्या दिल्या तर ती हसते. कौतुक केलं की मात्र भडकते, आणि का भडकते हे आमच्या सायकल क्लबला आजवर कळलेलं नाही. म्हणून मला हे सांगायचंय. मला स्वतःला अजून राग आहे, तेव्हा गोड बोलणं माझ्याकडून होणार नाही.

आमच्याकडच्या शर्यतीत सगळ्यांनी एकदम सुटायचं नसतं. जो सगळ्यात हळू, त्याला सगळ्यात आधी सोडतात; ही आधीची मिनिटं म्हणजेच सवलत. मग थोड्या मिनिटांनी पुढची तुकडी, मग त्यापुढची, आणि गावातले वाघ सगळ्यात शेवटी. मागच्यांनी पुढच्यांना गाठायचं, पुढच्यांनी गाठू द्यायचं नाही. मिनिटं बरोबर वाटली तर शेवटच्या मैलावर म्हातारी, तरणी, जाडी, बारीक सगळी एकाच घोळक्यात येतात आणि कोण जिंकेल हे देवालाही सांगता येत नाही. यापेक्षा न्यायाचा खेळ मी पाहिलेला नाही. त्यात एकच मेख आहे. मिनिटं वाटणारा माणूस खरा असायला हवा. त्यानं कुणाला दोन मिनिटं कमी दिली तर तो दुष्टावा झाला, हे सगळ्यांना कळतं. दोन मिनिटं जास्त दिली तर तोही दुष्टावाच, हे फक्त ग्लेनिसला कळतं.

तिला ते लवकर कळलं, त्याला कारण आहे. ती लहान असताना तिचे दोघे भाऊ शर्यतीत उतरायचे आणि ती गावच्या सभागृहाच्या मागच्या खोलीत इतर बायकांबरोबर काकडीची सँडविचं कापायची. बायकांना शर्यतीत घेत नसत. ती खाटकाकडची सामान पोचवायची सायकल घेऊन, पुढच्या टोपलीत मटणाच्या पुड्या घालून, भावांच्या मागे लागायची आणि त्यांना गाठायची. मग एका वर्षी शहरातून हुकूम आला, बायकांना घ्या. घेतलं. आणि गंमत म्हणून तिला इतकी मिनिटं आधी सोडलं की ती परत येऊन लाइनीवर उभी राहिली तेव्हा मागच्यांची अजून धूळसुद्धा दिसत नव्हती. सगळे पोट धरून हसले. सभागृहातल्या लाकडी फळ्यावर तिचं नाव सोनेरी अक्षरात लिहिलं आणि पुढे लिहिलं, ‘सवलतीसह’.

त्या फळ्यावरचा प्रत्येक माणूस सवलत घेऊनच जिंकलाय. खेळच तो आहे. पण तो शब्द फक्त तिच्या एकटीच्या नावापुढे आहे. आजही आहे. मी दोनदा सभेत विषय काढला, तर म्हणाले, इतिहास आहे, इतिहासाला हात लावायचा नाही. इतिहास! खिळ्यानं खरवडून काढायला पाच मिनिटं लागणार नाहीत.

तेव्हापासून ग्लेनिस दर वर्षी मिनिटं वाटणाऱ्याकडे जाऊन एकच मागणं मागते, ‘माझं एक मिनिट कमी कर.’ लोक जास्त मागायला जातात, ही कमी मागायला जाते. जुना वाटणारा, म्हातारा ऑर्व्हिल, तिच्यावर खेकसायचा. ‘चल फूट इथून, तुझे पाय किती चालतात ते मला माहीत आहे.’ ती खूश होऊन परत यायची. त्यानं वाटलेल्या मिनिटांत ती एकदाही जिंकली नाही, पण तीनदा अगदी शेवटच्या वळणावर तिला गाठलं गेलं, आणि त्या तीन वर्षांबद्दल ती अशी बोलते जशा इतर बायका बाळंतपणांबद्दल बोलतात.

ऑर्व्हिल गेला आणि क्लब, मिनिटांसकट, ट्रेंट लोमासच्या हातात आला. ट्रेंट जमिनी विकतो. दात पांढरे, हात नेहमी कुणाच्या तरी खांद्यावर. माणूस वाईट नाही, हेच तर वाईट आहे. वाईट असता तर सरळ भांडता आलं असतं.

आता आमचा क्लब पूर्वीसारखा चार गहूवाल्यांचा राहिलेला नाही. रविवारी सकाळी सभागृहासमोर या, बघा. औषधांच्या दुकानातली दलबीर येते, वेणी जर्सीच्या आत खोचून, आणि चढावर पंजाबीत सायकललाच शिव्या घालते. टोंगा बेटांवरचा पाद्री सेमिसी येतो, त्याच्या वजनानं चाकाच्या तारा कण्हतात, पण उतारावर त्याच्या मागे लागलात तर तुम्हाला पाय हलवायची गरज नाही, एवढा आडोसा. लोकर कातरणारे येतात, शाळेच्या बाई येतात. आणि बदकांच्या मांसाच्या कारखान्यात काम करणारा एह डो येतो, आमचा सगळ्यात वेगवान पोरगा. त्याचे लोक कारेन, बर्माच्या डोंगरातून निर्वासितांच्या छावण्यांमार्गे इथे आले. तो ग्लेनिसला मूगा म्हणतो, त्यांच्यात मावशीला तसं म्हणतात. पहिल्यांदा म्हणाला तेव्हा ती गुरगुरली, ‘मी कुणाची मावशी नाही.’ तो म्हणाला, ‘बरं, मूगा.’ तो विषय तिथे संपला.

शर्यतीनंतर प्रत्येकानं घरून एक ताट आणायचं असतं. केळ्याच्या चिकट भाताशेजारी काकडीची सँडविचं, त्याशेजारी पराठे. भांडणं होतात ती शेवटच्या पराठ्यावरून. हे सगळं मला आवडतं, अगदी मनापासून आवडतं. वारा अंगावर येत असताना चार जणांनी एकामागे एक लागायचं, पुढच्यानं वारा खायचा, दमला की बाजूला होऊन मागे यायचं, दुसऱ्यानं पुढे व्हायचं, कुणी कुणाला काही सांगायचं नाही. त्यात कोण कुठून आला हे कुणी विचारत नाही. पुढे यायची तुझी पाळी आली की तू पुढे येतोस का, एवढंच बघतात. सगळं आयुष्य असं असतं तर मला सभा घ्याव्या लागल्या नसत्या.

या वर्षी आमच्या मोठ्या शर्यतीची शंभरावी खेप. ट्रेंटनं टीव्हीवाल्यांना बोलावलं, प्रायोजक आणले, कमानीएवढी फुग्यांची वेस उभी केली. आणि सकाळी भोंग्यावर मिनिटं वाचून दाखवली. ग्लेनिसला आणि मला सगळ्यात आधी सोडणार हे ठरलेलंच होतं. माझं पोट आणि तिचं वय, दोघं एकाच तुकडीत. पण जो आकडा त्यानं वाचला तो ऐकून मला वाटलं भोंगा बिघडला. गेल्या वर्षीच्या दुप्पट.

ग्लेनिस हेल्मेट न घालताच त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

‘हे काय आहे?’

‘गुड मॉर्निंग, ग्लेनिस! कशी आहेस? गुडघा कसा आहे?’

‘गुडघ्याचं नंतर बघू. निम्मी मिनिटं काढ.’

‘अगं, नियमात बसतंय सगळं. शंभरावं वर्ष आहे. मजा कर!’ त्याचा हात तिच्या खांद्यावर आला. तिनं त्या हाताकडे असं पाहिलं की तो आपोआप खाली गेला.

‘ट्रेंट, मी मजा करायला नाही आले. मी शर्यतीला आले आहे.’

‘तीच तर मजा!’ तो म्हणाला आणि टीव्हीवाल्या मुलीकडे वळला.

आमच्यात मिनिटं नाकारता येत नाहीत. मिळाली ती घेऊन सुटायचं, नाहीतर घरी जायचं. ग्लेनिस माझ्याकडे आली, हेल्मेटचा पट्टा इतका जोरात ओढला की मला वाटलं मान तुटेल. ‘नेव्ह, आज ढेकर देत मागे राहिलास तर बघ. त्यानं दिलीत ना मिनिटं, आता मी एवढी लावून चालवणार आहे की मागच्यांच्या तोंडाला फेस आला पाहिजे.’

‘मला हार्ट अटॅक आला तर?’

‘कडेला पड. परत येताना उचलते.’

आम्ही सुटलो. दोन्ही बाजूंना मोहरीसारखी पिवळीधमक कनोला, रस्ता पट्टीनं आखल्यासारखा, वारा पाठीला. आमच्या पुढे दिवा लावलेली पांढरी गाडी, एवढंच. ती एक मैल पुढे, मी एक मैल पुढे. अडुसष्टाव्या वर्षी त्या बाईची पाठ अजून टेबलासारखी सपाट राहते. ती बोलत नव्हती, पण मला तिचा आनंद कळत होता, कारण ती नाकातून काहीतरी गुणगुणत होती, आणि ग्लेनिसला गाणं म्हणता येत नाही हे तिला फक्त सायकलवर आठवत नाही. मीही विसरलो सगळं. ट्रेंट, मिनिटं, फुग्यांची वेस, सगळं.

कोरोंगच्या धान्याच्या कोठारांपाशी एक पिंप ठेवलेलं असतं. त्याला वळसा घालून त्याच रस्त्यानं परत यायचं. म्हणजे परत येताना मागचे सगळे समोरून भेटतात, आणि कोण किती जवळ आलंय ते डोळ्यांनी दिसतं. दर वर्षी पिंप वळलं की कालव्याच्या पुलापर्यंत मागची पहिली तुकडी भेटतेच. आम्ही वळलो. वारा आता तोंडावर. पूल आला, कुणी नाही. पुलापुढचा फाटा आला, कुणी नाही. ग्लेनिसची मान वर झाली.

‘अपघात झाला की काय?’ मी म्हणालो.

मग ते दिसले. तुकड्या नव्हत्याच. सगळेच्या सगळे एका ढिगात, हँडलवरचे हात सोडून, गप्पा मारत, केळी सोलत येत होते. लग्नाची वरात सुद्धा याहून घाईत असते. आम्ही जवळ आल्यावर त्यांनी काय केलं माहितीय? टाळ्या वाजवल्या. ‘चल ग्लेनिस! जिंकलीस गं! आज तुझा दिवस!’ सेमिसीनं तर हात आकाशाकडे नेला. दलबीर खाली बघत होती. एह डो सगळ्यात मागे होता, तोंड कोरं, पाय नुसते फिरत होते.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी तिला सांगितलं असतं हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी ठरवून टाकलं होतं. शंभरावं वर्ष, आजीबाई पहिल्या, टीव्हीवर डोळ्यांत पाणी. त्या बाईनं चाळीस वर्षं एकच गोष्ट मागितली होती, तेवढीच सोडून बाकी सगळं ते तिला द्यायला निघाले होते, वर टाळ्या.

‘थांबू या,’ मी ओरडलो. ‘इथेच थांबू. बसू रस्त्यावर.’

‘का थांबू?’ ती मागे न बघता म्हणाली. ‘मी कुणाला फसवलंय? माझी शर्यत चालू आहे.’

आणि तिनं वेग वाढवला! वारा समोरून, आणि ही बाई वेग वाढवते. मी रेल्वेच्या फाटकापर्यंत तिच्या चाकाला चिकटून राहिलो, मग सुटलो. पण फाटकापासून गावापर्यंतचा रस्ता इतका सपाट की सुटलेल्या माणसालाही शेवटपर्यंत सगळं दिसतं. ती गावात शिरली ते मला दिसलं. फुग्यांची वेस दिसली, फीत धरलेली दोन पोरं, लोक, ट्रेंटचा भोंगा. ‘आली आली, आपली लाडकी ग्लेनिस...’ फितीपासून ती घरातल्या खोलीएवढ्या अंतरावर असेल. तिथे तिनं ब्रेक दाबले, पाय टेकला, सायकल उचलून तोंड फिरवलं आणि पुन्हा माझ्याकडे यायला लागली.

 मग भोंग्यातूनच ट्रेंटचा आवाज आला, ‘ग्लेनिस? ग्लेनिस, लाइन इकडे आहे!’

ती माझ्यासमोर आली. डोळे लाल, नाक वाहत होतं.

‘कुठे चाललीस?’

‘मिनिटं परत करायला. वळ.’

मी वळलो. काय करणार? दिवा लावलेल्या गाडीचा ड्रायव्हर आधी खिडकीतून बघत राहिला, मग तोही वळला, आमच्या पुढे लागला. त्याला सांगितलं होतं की पहिल्या माणसाच्या पुढे राहायचं, आणि पहिला माणूस ही होती.

बरंच अंतर उलट गेल्यावर, दफनभूमीपाशी ढीग समोरून आला. आम्हाला उलट येताना बघून त्यांची वटवट थांबली. ग्लेनिस त्यांच्या बाजूनं शेवटपर्यंत गेली, शेवटचा माणूस ओलांडला, मग वळली आणि मागून त्यांच्यात शिरली. ते जवळजवळ थांबलेच होते.

‘आता सगळे एका जागी आहोत,’ ती म्हणाली. धाप लागली होती, तरी आवाज बसमधला होता. ‘तुमचं एक सेकंदसुद्धा माझ्याकडे उरलेलं नाही. निघा.’

कुणी निघालं नाही.

‘वेडे, काय केलंस हे!’ दलबीर म्हणाली. ‘जिंकली होतीस तू!’

‘कुणाला हरवून? केळी खाणाऱ्यांना?’

‘ग्लेनिस,’ सेमिसी म्हणाला, ‘प्रेमानं केलं गं सगळ्यांनी.’

‘प्रेम चर्चमध्ये कर, पाद्री. इथे पाय हलव. ऑर्व्हिल गेल्यापासून तुम्ही मला ना सरळ हरवलंत, ना सरळ जिंकू दिलंत. मी काय शोकेसमधली बाहुली आहे, वर्षातून एकदा पुसून दाखवायला?’ मग ती एह डोकडे वळली. त्याच्यावरच ती सगळ्यात चिडली होती, कारण त्याच्याकडूनच तिची अपेक्षा होती. ‘आणि तू? तुला पाय नाहीत? तुला काय सांगितलं होतं?’

तो गोंधळला. ‘ट्रेंट म्हणाला, आज मूगाच्या मागे राहायचं. मला वाटलं इथली रीत असेल. आमच्यातही मोठ्या माणसांना आधी वाढतात.’

ढिगात कुणीतरी खोकलं. ग्लेनिसनं आपली सायकल त्याच्या सायकलीशेजारी आणली. 

‘इथली रीत तुला मी सांगते,’ ती म्हणाली. ‘म्हातारी पुढे दिसली की तिच्या मागे लागायचं. तिला गाठायचं. आणि कितीही जिवावर आलं तरी तिच्या पुढे निघून जायचं. थांबलास तर तिचा अपमान होतो. कळलं?’

‘कळलं, मूगा.’

आणि तो गेला. असा गेला की त्याच्या चाकानं उडालेला खडा माझ्या नडगीला लागला. लोकर कातरणाऱ्यांपैकी एकानं शिवी हासडली आणि त्याच्या मागे लागला, मग दलबीर, मग सगळेच. केळ्यांची सालं रस्त्यावर. ती खरी शर्यत होती, साहेब. सेमिसीच्या तारा कण्हायला लागल्या.

ग्लेनिस त्यांच्या मागे लागली. पहिला मैल संपेपर्यंत ती त्यांच्यात होती, मी डोळ्यांनी पाहिलंय, सगळ्या तरण्याताठ्यांच्या घोळक्यात तिची ती सपाट पाठ. मग एकेक चाकाचं अंतर पडत गेलं. ती तुटली. आडोसा गेला, वारा तोंडावर, एकटी. मी कसंबसं तिला गाठलं आणि पुढे व्हायला लागलो.

‘बाजूला हो,’ ती म्हणाली. ‘माझी पाळी आहे.’

मैलभर तिनं वारा खाल्ला, मैलभर मी. ती पुन्हा नाकातून गुणगुणायला लागली होती, भयंकर बेसूर. मध्येच थांबून ती ट्रेंटला, त्याच्या बापाला आणि फळ्यावर तो शब्द लिहिणाऱ्या पेंटरला शिव्या देत होती आणि पुन्हा गुणगुणत होती. मला वाटलं, ही बाई आज वीस वर्षांनी लहान झाली.

आम्ही पोचलो तेव्हा फुग्यांची वेस उतरवत होते. एका बाजूची हवा गेली होती. टीव्हीवाले सामान गाडीत भरत होते. ग्लेनिसनं शेवटचे दोनशे मीटर उभं राहून मारले, माझ्याशीच शर्यत लावून, आणि मला हरवून लाइन ओलांडली. सायकल आडवी टाकून ती सरळ जमिनीवर बसली.

ट्रेंट फुलांचा गुच्छ घेऊन आला. फुलं उन्हानं कोमेजली होती. ‘ग्लेनिस,’ तो म्हणाला, आणि त्याचा हात पुन्हा तिच्या खांद्याकडे निघाला, ‘शेवटी आलीस, पण खरी विजेती आज तूच आहेस.’

‘मी किती मागे आले?’

‘अगं, त्याचं काय आता? सगळ्यांची मनं जिंकलीस तू...’

‘ट्रेंट. वेळ किती लागला? पहिला आला आणि मी आले, मध्ये किती?’

त्यानं टेबलाकडे पाहिलं. टेबलावर कुणी नव्हतं. घड्याळ बंद करून खोक्यात भरलं होतं. ‘शेवटच्यांची वेळ... म्हणजे आम्हाला वाटलं की आता तशी गरज...’

तिचा चेहरा पडला. दिवसभरात तो पहिल्यांदा पडला. टाळ्या वाजवल्या तेव्हा पडला नव्हता. ती जमिनीवर बसून बुटांचे बंद सोडायला लागली. मला त्या क्षणी ट्रेंटला त्याच्याच फुग्यात कोंबून हवा भरावीशी वाटली.

सभागृहाच्या दारात एह डो उभा होता, गळ्यात विजेत्याचा निळा पट्टा, तोंड भरलेलं. तो तिच्यासमोर येऊन उकिडवा बसला.

‘खूप मागे, मूगा,’ तो म्हणाला.

‘खूप म्हणजे किती?’

तो घास गिळून विचार करायला लागला. हातचं राखलं नाही, खोटंही बोलला नाही. ‘मी हात धुतले, कपडे बदलले, आईला फोन केला. चार सँडविचं खाल्ली. पाचवं हातात घेतलं तेव्हा तू आलीस.’

ग्लेनिसनं त्याच्या हातातलं पाचवं सँडविच काढून घेतलं आणि एक मोठा घास तोडला.

‘पुढच्या रविवारी,’ ती भरल्या तोंडानं म्हणाली, ‘तुला तीनच मिळतील.’